हुकलेली ट्रॉफी

परवा धाकटा नातू चार दिवस राहायला आला तो प्लेस्टेशन पाठीवर घेऊनच. सुनेने आधीच फोन करून बजावलं होतं, "आई, दिवसाला एक तास, त्याच्यावर नाही." मी हो म्हटलं. (सूनबाई, हे वाचत असशील तर पुढचं जरा सौम्यपणे घे.)

दुपारी मी बिरड्यासाठी भिजवलेले वाल सोलत बसले होते. बाहेर पनवेलचा पाऊस. एकदम हा ओरडला, "आजी, गेली!"

मला वाटलं, लाइट गेली.

"लाइट नाही गं, ट्रॉफी गेली!"

झालं होतं असं की खेळाच्या तिसऱ्या भागात कुठल्याशा कोपऱ्यातली एक वस्तू उचलायची होती. ती राहिली आणि हा पुढे निघून आला. आता मागे जाता येत नाही. ती ट्रॉफी हवी तर सगळा खेळ पहिल्यापासून!

"पण आधी सांगितलं नव्हतं का?"

"नाही ना. ती लपवलेली असते."

हा तर अन्याय झाला, मी म्हटलं, आणि वाल बाजूला ठेवले. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाची सवय असल्यामुळे असेल, पण त्याने मला छान शिकवलं. एक्सबॉक्स ३६० हे यंत्र २००५ साली आलं, त्यात अशी बक्षिसं प्रत्येक खेळाला सक्तीची झाली. २००८ मध्ये प्लेस्टेशनवर ट्रॉफ्या आल्या. कांस्य, रौप्य, सुवर्ण, आणि बाकी सगळ्या मिळाल्या की प्लॅटिनम. त्याच्याही आधी, १९८२ च्या 'पिटफॉल' या खेळात वीस हजार गुण झाले की टीव्हीच्या पडद्याचा फोटो काढून कंपनीला टपालाने पाठवायचा. मग घरी कापडी बिल्ला यायचा.

कापडी बिल्ला म्हटल्यावर माझा चेहरा खुलला. शाळेत मी काही वर्षं गाइडच्या मुली सांभाळल्या आहेत. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार, मग राष्ट्रपती पुरस्कार. काय काय यायला हवं ते आधीच ठाऊक. गाठी मारता आल्या, प्रथमोपचार आले की पुढे. यात पहिली-दुसरी असं काही नाही, जिला जमेल तिला मिळेल. आज नाही जमलं तर पुढच्या खेपेला.

"म्हणजे तुमच्या ट्रॉफ्या चांगल्या डिझाइन केलेल्या होत्या," नातू गंभीरपणे म्हणाला. मग वाईट कुठल्या? तर म्हणे, हजार शत्रू मारा असल्या. नुसतं बटण दाबत बसायचं. मला शिक्षा म्हणून शंभर वेळा लिहायला लावलेलं वाक्य आठवलं. आणि चांगल्या? 'हाफ-लाइफ २ : एपिसोड टू' या २००७ सालच्या खेळात बागेत ठेवतात तसला एक बुटका पुतळा सापडतो. तो अख्ख्या खेळभर, मारामारी चालू असताना, बरोबर वागवत न्यायचा आणि शेवटी रॉकेटमध्ये ठेवायचा. कोणाची सक्ती नाही, पण ज्याने नेला तो आयुष्यभर सांगत राहतो! 'द स्टॅन्ली पॅरबल' मध्ये तर पाच वर्षं खेळ न खेळल्याबद्दल बक्षीस आहे. हे मला फारच आवडलं. सुनेलाही आवडेल.

हसता हसता मला एक जुनी गोष्ट आठवली आणि जरा गप्प झाले. घरात कोणाला ती मी कधी सांगितलेली नाही.

१९८० च्या आसपासची गोष्ट. मी वर्गासाठी एक बक्षीस काढलं होतं. वर्षभर एकही दिवस न चुकता येणाऱ्याला कंपासपेटी. कल्पना माझीच, पैसेही माझेच, आणि मला तिचा फार अभिमान. वर्गात गाढी नदीपलीकडच्या एका वाडीतून चालत येणारी मुलगी होती. जूनपासून एक दिवस चुकली नाही. हजेरी घेताना तिचा "हजर बाई" सगळ्यात मोठा. जुलैत एक दिवस नदीला पाणी आलं आणि तिला पलीकडेच थांबावं लागलं. दुसऱ्या दिवशी ओल्या परकराने येऊन तिने विचारलं, "बाई, कालचा दिवस धरणार का?"

मी नाही म्हटलं. नियम म्हणजे नियम. गावातल्या मुलांची घरं शाळेपासून हाकेच्या अंतरावर, त्यांच्या वाटेत नदी नव्हती, हे मला तेव्हा दिसलंच नाही. त्यानंतर ती आठवड्यातून एखादा दिवस दांडी मारू लागली, मग दोन. दिवाळीनंतर आली नाही.

घरच्या अडचणी असतीलही. पण मी चौकशीला गेले नाही, हेही खरं.

पुढे कधीतरी १९७३ सालच्या एका अमेरिकन प्रयोगाबद्दल वाचलं. चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीतल्या मुलांना बक्षिसाचं आमिष दाखवून चित्रं काढायला लावली, तर नंतर मोकळ्या वेळात ती मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. ज्यांना अचानक बक्षीस दिलं त्यांचं तसं झालं नाही. वाचताना मला ती मुलगीच दिसत होती. तिला शाळा आवडायची हो. मी मध्ये कंपासपेटी आणून ठेवली आणि मग तीही काढून घेतली.

नातवाला हे सगळं सांगितलं. तो बराच वेळ हातातल्या कंट्रोलरशी चाळा करत होता. मग म्हणाला, "आजी, दर महिन्याची वेगळी ट्रॉफी ठेवायचीस ना. जुलै गेला तरी ऑगस्ट उरतो. आणि पुराचा दिवस धरायचाच नाही, त्यात तिच्या हातात काय होतं?"

अकरा वर्षांचा आहे. मला बी.ए. होऊन, इतकी वर्षं शिकवून हे सुचलं नाही.

"आता तुझ्या प्लॅटिनमचं काय?" मी विचारलं.

"पहिल्यापासून खेळतो. तू बसतेस का? तिसऱ्या भागात तो कोपरा आला की आठवण कर."

बसले. तास केव्हाच होऊन गेला होता. वाल तसेच राहिले, रात्री पिठलं केलं.