परग्रहावरचा शत्रू आणि आमची पेठ

परग्रहावरून पृथ्वीवर हल्ला व्हायचाच झाला तर तो कोल्हापूरवर होणार नाही, अशी माझी लहानपणापासून खात्री आहे. ही मंडळी उतरतात ती लंडनला, न्यूयॉर्कला, नाहीतर तोक्योला. तोक्योवर तर त्यांचा विशेष लोभ. बिंदू चौकात तबकडी उतरल्याचं कुणी ऐकलंय? वास्तविक मराठी वाचकाला अंतराळात हिंडवून आणणारे जयंत नारळीकर १९३८ साली जन्मले ते आमच्या कोल्हापुरातच. एवढा वशिला असूनही एकही परग्रहवासी इकडं फिरकला नाही. पाहुण्याला आधी तांबडा रस्सा वाढायचा ही इथली रीत त्यांच्या कानावर गेली असावी.

पण हल्ला झालाच तर काय करायचं, याचं शिक्षण आमच्या पिढीला सरकारी खर्चानं मिळालं आहे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर 'जायंट रोबोट' लागायचा. मूळ मालिका जपानी, १९६७-६८ सालची, २६ भागांची. आमच्यापर्यंत पोचायला तिला पंधरावीस वर्षं लागली, म्हणजे बहुधा एस.टी.नं आली असावी. तीत गिलोटिन नावाचा अंतराळातला सम्राट पृथ्वी जिंकायला आलेला असे आणि दर भागात एक नवा अक्राळविक्राळ राक्षस सोडत असे. त्याच्याशी लढायला होती 'युनिकॉर्न'. ही फौज एका देशाची नव्हती, अख्ख्या पृथ्वीची होती. सभासदांना नंबर असत. जेरी हा यू-३ आणि जॉनी हा यू-७. हा जॉनी म्हणजे शाळकरी पोरगा. तो मनगटावरच्या घड्याळात बोलला की इमारतीएवढा रोबोट उडत यायचा.

युनिकॉर्नची कामाची पद्धत ठरलेली. राक्षस दिसला की सगळ्यांनी पिस्तुलं काढायची आणि त्याच्यावर झाडायची. राक्षसाला त्यानं गुदगुल्यासुद्धा होत नसत. मग जॉनीनं घड्याळ तोंडाजवळ न्यायचं. गल्लीतल्या एकुलत्या एक टीव्हीपुढं आम्ही वीसपंचवीस पोरं श्वास रोखून बसलेली असायचो आणि मागं माझी आत्या तांदूळ निवडत असायची.

"एवढी मिलिट्री पोसायची कशाला?" ती म्हणायची. "शेवटी त्या पोरालाच बोलावत्यात की! आणि मी म्हणतो, ह्याच्या आईला ठाऊक तरी हाय का?" (कोल्हापुरात बायका 'मी म्हणतो'च म्हणतात. परगावच्या वाचकांनी दचकू नये.)

शेवटच्या भागात रोबोटनं गिलोटिनला कवटाळून आकाशात नेलं आणि उल्केवर आदळून स्वतःसकट त्याचा निकाल लावला. सगळी गल्ली मुसमुसत होती. आत्यानं पदरानं डोळे टिपले आणि म्हणाली, "लोखंडाचं असून त्याला कळलं बघ."

अख्ख्या पृथ्वीची एक फौज, ही कल्पना मोठमोठ्यांना भुरळ घालते. अमेरिकेचे अध्यक्ष रेगन सप्टेंबर १९८७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत बोलून गेले, की परग्रहावरून धोका आला तर आपण आपापसातली भांडणं किती चटकन विसरू! हे ते बोलत होते तेव्हा अमेरिका आणि रशियाची हजारो अण्वस्त्रं एकमेकांकडं तोंड करून उभी होती. आमच्याकडं हाच प्रश्न शाहू स्टेडियमवर असतो. फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की एका पेठेतला माणूस दुसऱ्या पेठेतल्या माणसाला परग्रहावरचाच समजतो. सख्खे साडूसुद्धा सामन्याच्या दिवशी एकमेकांना ओळख देत नाहीत.

आमच्यावर ती वेळ आली ऑगस्ट २०१९ मध्ये. शत्रू आकाशातूनच आला, पण पावसाच्या रूपानं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. पाणी ५५ फुटांच्याही वर गेलं. 'जेवलास का' च्या जागी 'किती फूट झालं' असं लोक विचारू लागले. पुणे-बंगळुरू महामार्ग शिरोलीपाशी पाण्याखाली गेला आणि शहराचं बेट झालं. लष्कर आलं, नौदल आलं, एनडीआरएफ आलं. पण ते पोचण्याआधी पाण्यात उतरली होती ती तालमीतली पोरं. एका होडीत मी दोन पेठांच्या जर्सी शेजारीशेजारी पाहिल्या. एरवी त्या दोन जर्सी एका दोरीवर वाळत घातल्या तरी दंगल होईल! दोघांच्या मधे एक म्हातारी बसलेली, मांडीवर शेळीचं करडू. त्या पोरांच्या आयांना ठाऊक होतं का, हे विचारायला त्या दिवशी कुणाला सवड नव्हती.

पाणी उतरलं आणि चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर वाद सुरू झाला, की जास्त माणसं कुणी बाहेर काढली? पुढच्या हंगामात स्टेडियम पुन्हा दोन ग्रहांत विभागलं. रेगनसाहेबांच्या हिशोबात हीच तर मेख आहे. शत्रू आहे तोवर एकी! आणि एकी हवी म्हणून कुणी पुराला आवतण देत नाही.

तरी मी अगदी निराश नाही. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा चढलं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या एका पोरानं कुणाला काही न विचारता मोबाईल काढला आणि पलीकडच्या पेठेत फोन लावला. मी सहज डोकावून पाहिलं. दोन वर्षं जपून ठेवलेल्या त्या नंबरापुढं ना नाव होतं ना पेठ. नुसतं लिहिलं होतं, 'पूर, होडीवाला'.