आभार कोणाचे?

आभार मानण्यासाठीं सरकारनें एक दिवस नेमून द्यावा, ही कल्पना प्रथम ऐकली तेव्हां मला हसूंच आलें. मी ज्या घरांत वाढलों तेथें आभार मानण्याची चालच नव्हती. आईनें पान वाढल्यावर 'मी आपला आभारी आहें' असें कोणी म्हटलें असतें, तर त्याला ताप तर नाहीं ना, हें तिनें आधीं पाहिलें असतें. उपकार स्मरायचे असतात, साधल्यास फेडायचे असतात. बोलून मोकळें व्हायचें नसतें, अशी आमची समजूत.

म्हणून गेल्या नोव्हेंबरांत बॉस्टनजवळ चिरंजीवांच्या बिऱ्हाडीं मुक्काम असतां, त्या महिन्याच्या चौथ्या गुरुवारीं येणाऱ्या 'थँक्सगिव्हिंग'कडे, म्हणजे अमेरिकेच्या आभारदिनाकडे, मी कांहींशा थट्टेच्या नजरेनेंच पाहत होतों. सारा देश त्या दिवशीं आपापल्या माणसांकडे धांव घेतो. टर्की पक्ष्याची मेजवानी हा त्या सणाचा आत्मा; पण आमच्या सूनबाईंनीं त्याला फांटा दिला होता. भोपळ्याचें सारण भरलेली आणि 'पाय' असें चमत्कारिक नांव धारण करणारी मिठाई शेजारणीनें पाठविली होती; तिच्या शेजारीं आमचे भोपळ्याचे घारगे विराजमान झाले होते.

जेवणाआधीं प्रत्येकानें आपण कशाबद्दल कृतज्ञ आहों तें सांगावयाचें, असा तेथला रिवाज. माझी पाळी यायला अवकाश होता, तोंच सात वर्षांच्या नातीनें आपलें एक चित्र माझ्यापुढें ठेवलें. लांबलचक मेजाभोंवतीं काळ्या टोप्यांचे गोरे लोक आणि पिसें खोवलेले 'इंडियन' लोक मिळून आनंदानें जेवत होते.

"आजोबा, आपणही इंडियनच ना? मग जेवण झाल्यावर हे कोठें गेले?"

चिरंजीव माझ्याकडे पाहूं लागले आणि मी घारग्यांकडे.

कारण आठच दिवसांपूर्वीं सुमारें ४० मैलांवरचें प्लिमथ आम्ही पाहून आलों होतों. इ. स. १६२० मध्यें 'मेफ्लॉवर' जहाजानें १०२ प्रवासी इंग्लंडहून आले. पहिल्या हिवाळ्यांतच त्यांतले जवळजवळ निम्मे दगावले. जे जगले ते ज्या जागीं वसले, तेथें पूर्वीं पटक्सेट नांवाचें वाम्पानोआग लोकांचें गांव होतें. १६१६ ते १६१९ च्या दरम्यान युरोपी जहाजांबरोबर आलेल्या सांथीनें तें ओस पडलें. त्या गांवचा टिस्क्वांटम नांवाचा एक माणूस मात्र वांचला. कारण १६१४ सालीं एका इंग्रज कप्तानानें त्याला पळवून स्पेनमध्यें विकलें होतें. तो कसाबसा परत आला, तों घर नाहीं, दार नाहीं, माणूस नाहीं. तरीही पळविणाऱ्याच्याच जातभाईंना त्यानें मका पेरायला शिकविलें. १६२१ च्या शरद ऋतूंत पीक हातीं आलें. वाम्पानोआगांचा नायक मॅसॅसॉइट ९० माणसें घेऊन आला, त्यांनीं पांच हरणें मारून आणलीं, आणि तीन दिवस जेवणें झालीं. नातीच्या चित्रांतलें जेवण तें हेंच. येथवरची गोष्ट मुलांना सांगण्यासारखी आहे.

पुढची तशी नाहीं. १६३७ सालीं मिस्टिक येथें पीक्वॉट लोकांची वस्ती पेटवून इंग्रजांनीं बायकामुलांसह शेंकडों माणसें मारलीं, आणि त्या विजयाबद्दल मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीनें देवाचा आभारदिन पाळला. १६७६ सालीं मॅसॅसॉइटचा मुलगा मेटॅकॉम इंग्रजांशीं झालेल्या युद्धांत मारला गेला. त्याचें शिर प्लिमथमध्यें कित्येक वर्षें खांबावर होतें. त्याच्या लहानग्या मुलाला गुलाम म्हणून परमुलखांत विकलें. मेजवानीला आलेल्या त्या मॅसॅसॉइटचा तो नातू! माझी नात उत्तराची वाट पाहत होती, आणि माझ्या डोळ्यांपुढें तो नातू उभा होता.

आजचा सण कांहीं त्या जेवणांतून सरळ उगवलेला नाहीं. यादवी युद्ध पेटलेलें असतां, सारा जोसेफा हेल या संपादिकेच्या अनेक वर्षांच्या आग्रहानंतर, १८६३ सालीं लिंकननें तो साऱ्या देशासाठीं जाहीर केला. त्या जाहीरनाम्यांत प्लिमथचें नांव नाहीं. परंतु आभारांबरोबर राष्ट्राच्या अपराधांबद्दल नम्रपणें पश्चात्तापही करा, असें त्यांत सांगितलें आहे. मेजावर आभार राहिले. पश्चात्ताप तेवढा गळाला.

दुसऱ्याला नांवें ठेवण्याचा मला अधिकार नाहीं, हें मी जाणतों. कोंकणांत आमची भातशेती होती. ती एक कूळ कसत असे. नवा तांदूळ घरांत आला कीं आजी त्याची खीर करी, देवाला नैवेद्य दाखवी, आणि आजोबा डोळे मिटून म्हणत, "देवानें दिलें." ज्याच्या पाठीवरून तीं पोतीं आलीं, तो म्हातारा अंगणाच्या कडेला पत्रावळीवर बसे, आणि आम्ही पोरें त्याला अरेतुरे करीत असूं. पुढें १९५७ सालीं कूळकायद्यानें ती जमीन त्याची झाली. तेव्हां 'जमीन गेली' हे शब्द घरांत पुष्कळ ऐकले. 'ज्याची त्याला मिळाली' असें एकदांही नाहीं. देवाचे आभार मानणें सोपें असतें. देव हिशेब मागत नाहीं.

कृतज्ञ या शब्दाचा अर्थ केलेलें जाणणारा. त्यांत हात जोडणें नाहीं, जाणणें आहे. दुसऱ्यानें आपल्यावर केलेले उपकार जाणावे, तसेच आपण दुसऱ्यावर केलेले अपकारही जाणावे. तें जाणलें नाहीं, तर आभार मानणें म्हणजे तोंडाला पानें पुसणेंच होय.

शेवटीं मीं नातीला सांगितलें, "बाळ, ते कोठेंही गेले नाहींत. याच प्रांतांत मॅशपी नांवाच्या गांवीं राहतात. आणि आज त्यांच्यापैकीं कांहीं जण प्लिमथच्या टेकडीवर जमून शोकदिन पाळीत आहेत."

"मग त्यांना जेवायला कां नाहीं बोलावलें?"

"एकदां बोलावलें होतें."

तें खरें होतें. १९७० सालीं, मेफ्लॉवरच्या आगमनाला ३५० वर्षें झालीं त्या समारंभांत, वाम्सुटा फ्रँक जेम्स या वाम्पानोआग गृहस्थांना भाषणासाठीं बोलाविलें होतें. पण भाषण आधीं वाचून पाहण्यांत आलें. तें गोड नव्हतें, तेव्हां बदलून द्या असें सांगण्यांत आलें. त्यांनीं नकार दिला. त्याच वर्षीं टेकडीवरचा शोकदिन सुरू झाला, तो आजतागायत चालू आहे.

माझी पाळी आली. देवाचें नांव ओठांवर आलेंच होतें. पण त्याच्या आधीं मीं आमच्या त्या कुळाचें नांव घेतलें.

"हे कोण?" चिरंजीवांनीं विचारलें.

ज्याच्या तांदळावर आमच्या तीन पिढ्या पोसल्या, त्याचें नांव त्या मेजाभोंवतीं माझ्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतें. तो दोष त्यांचा नव्हता. मींच तें कधीं सांगितलें नव्हतें. त्या दिवशीं सांगितलें. सांगून होईपर्यंत घारगे पार निवून गेले.