आजींची ओवी आणि मालकीहक्काची नोटीस

लोकगीतांची एक छोटी वेबसाइट आम्ही तिघी मैत्रिणी नोकऱ्या सांभाळून चालवतो. गाणी गावोगावचे लोक स्वतःच चढवतात. सातारा जिल्ह्यातल्या एका शिक्षिकेनं आपल्या आजेसासूबाईंच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपून अशाच चढवल्या होत्या. त्यांवर एका संगीत कंपनीची ई-मेल आली: गाणं आमच्या मालकीचं आहे, ताबडतोब काढा, नाहीतर कोर्टात खेचू.

हेडफोन लावून मी दोन्ही ध्वनिमुद्रणं ऐकली. कंपनीच्या गाण्यात ढोलकी, सिंथेसायझर आणि कमावलेला गळा. आजींच्या आवाजामागं जात्याची घरघर. वैरण घालायला हात गेला की ओळ मध्येच तुटते, खुंटा फिरू लागला की तिथूनच पुढं सुरू होते. जुळत होती ती फक्त पहिली ओळ, आणि ती तर कितीतरी बायकांच्या तोंडी आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून लाखावर ओव्या जमवल्या, त्या चाळल्या तरी हे लक्षात येतं. स्टुडिओत केलेल्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क आहे, तो मला मान्यच. परंपरेनं आलेल्या शब्दांवर तो कुठून येणार?

बाईंना फोन केला, तर त्या घाबरल्याच. “ताई, आमच्या आजींनी गाणं चोरलं असं म्हणतात का हो ते?”

ओळखीच्या एका वकिलांनी 2013 च्या कॉपीराइट नियमांतला 75 वा नियम पुढं ठेवला. मालकी कशी ते तक्रारदारानं दाखवायचं, मजकूर नेमका कुठं आहे ते सांगायचं, चढवणाऱ्यावर दावा लावून 21 दिवसांत कोर्टाचा आदेश आणीन अशी लेखी हमी द्यायची. तक्रार पटली तर साइटनं 36 तासांत ते बंद करायचं. आदेश आला नाही तर पुन्हा खुलं करता येतं. लोकांनी चढवलेल्या गाण्यांना साइट जबाबदार का, यावर दिल्ली उच्च न्यायालयात सुपर कॅसेट्स ही संगीत कंपनी विरुद्ध मायस्पेस ही वेबसाइट असा खटला गाजला होता. 2011 मध्ये एकसदस्यीय पीठानं मायस्पेसला जबाबदार धरलं, 2016 च्या डिसेंबरात खंडपीठानं तो निकाल फिरवला. लाखो गाण्यांत कुठंतरी चोरीचा माल असेल एवढी मोघम जाणीव पुरत नाही, नेमकं गाणं साइटला ठाऊक असायला हवं, असं खंडपीठ म्हणालं. आम्हाला तर आता नेमकं गाणं कळवलेलं होतं.

आम्ही नियमाप्रमाणे तपशील मागवला. तोही आला, हमीसकट. मला तक्रार मुळीच पटली नव्हती. पण पटली नाही म्हणून गाणं ठेवायचं आणि उद्या कोर्टाला पटली तर? कॉपीराइट कायद्याच्या 63 व्या कलमात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. वकील म्हणाले, “कोर्टात तुमची बाजू टिकेल, पण तिथवर जायचा खर्च कोण करणार?” गाणं बंद केलं, आणि नियम सांगतो तसं त्या जागी कारणही लिहिलं. ते टाइप करताना मला फार संताप आला.

खऱ्या हक्काला आमचा विरोध नाही. ताज्या दिवाळी अंकातली कथा कुणी परस्पर चढवली तर आम्ही ती त्याच दिवशी काढतो. लेखकाचं पोट त्यावर असतं. मात्र पोकळ दावा करणाऱ्याला काय झळ लागते? बिनबुडाच्या धमकीविरुद्ध 60 व्या कलमाखाली दावा लावता येतो, नुकसानभरपाईही मागता येते. एका ओवीसाठी वकिलाची फी भरून कोर्टाची पायरी कोण चढेल? खोट्या तक्रारीला नियमातच थेट दंड हवा, आणि तो गाणं चढवणाऱ्याच्या हाती पडायला हवा.

मुदत संपली, आदेश आला नाही, ओव्या आम्ही पुन्हा खुल्या केल्या. त्याच गाण्याबद्दल त्याच तक्रारदाराच्या पुढच्या नोटिशीला दाद देण्याचं बंधन आता आमच्यावर नाही, हेही त्याच नियमात आहे. बाईंना ते वाचून दाखवलं, तेव्हा त्यांनी आजींच्या आणखी ओव्या पाठवू का विचारलं. मी म्हटलं, पाठवा, आणि कुणी, कधी, कुठं टिपलं ते सोबत लिहा.