बापूचा परवचा

वाईच्या घरात दिवेलागणीला परवचा चुकत नसे. सोप्यात सतरंजी अंथरलेली, भिंतीला पाठ लावून अप्पा, आणि समोर आम्ही चुलत-आत्ते मिळून नऊ भावंडं. वार, तिथ्या, नक्षत्रं, मग तीसपर्यंत पाढे, आणि पाढे संपले की पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दीडकी, औटकी. साडेतीनला औट म्हणतात हे आता घरातल्या नव्या पोरांना समजावून सांगावं लागतं. आम्हाला ते समजलेलं होतं, पण पाठ नव्हतं. औटकीला आठ जण नुसते ओठ हलवायचो, आवाज एकट्या बापूचा. अकरा औट किती, असं अप्पांनी मध्येच तोडून विचारलं की आमची बोटं सतरंजीखाली मोजायला लागायची. तोवर बापू 'साडेअडतीस' म्हणून पुढच्या प्रश्नाची वाट बघत असायचा.

आणि हाच बापू शाळेत ढ.

ढ या अक्षराची गोष्टही अप्पांनीच सांगितली होती. ब्राह्मी लिपीपासून बाकीची सगळी अक्षरं बदलत गेली, हे एकटं जवळजवळ होतं तसंच राहिलं, म्हणून न सुधारणाऱ्या पोराला ढ म्हणायचं. खरंखोटं भाषेतले जाणकार जाणोत. गोष्ट संपली की अप्पा बापूकडे बघायचे आणि आम्ही खदखदून हसायचो. विश्वकोशाचं कार्यालय ज्या गावात, त्या गावात आमच्याच घरी हे रत्न कसं निपजलं, हे वाक्य पाहुण्यारावळ्यांसमोर इतक्यांदा व्हायचं की ते म्हणताना अप्पांना रागसुद्धा येत नसे.

बापू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बाहत्तरच्या दुष्काळाच्या साली तो चौथीत बसला, पुढच्या वर्षी पुन्हा बसला, आणि मी पाचवीत गेले तेव्हा माझ्याच वर्गात शेवटच्या बाकावर होता. थोरल्या काकूने काय नाही केलं! वेखंड उगाळून चाटवलं, सारस्वतारिष्टाच्या बाटल्या झाल्या, ढोल्या गणपतीला एकवीस मंगळवार झाले. साताऱ्याला नेऊन डोळे तपासले. डॉक्टर म्हणाले, नजर घारीसारखी आहे, पोराला अभ्यासाला बसवा.

त्याची पाटी मला आजही दिसते. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य ही त्याच्या लेखी जुळी भावंडं. 'दिवस' लिहायचा तर कानाला आधी द येतो, मग इ. हाताला मात्र वेलांटी आधी काढून द तिच्या पोटात बसवायचा असतो. बापू द काढायचा, थांबायचा, वेलांटीला जागा उरलेली नसायची म्हणून ती पलीकडून लावायचा आणि दिवसाचा 'दीवस' व्हायचा. र या अक्षराशी तर त्याचं हाडवैर. सूर्यात तो डोक्यावर बसतो, चंद्रात पायाशी तिरपा होतो, राष्ट्रात त्याला दोन तंगड्या फुटतात, दऱ्याखोऱ्यांत तो कोयत्यासारखा वाकडा. "एकच आहे ना तो? मग एका जागी का बसत नाही?" असं त्याने एकदा गुरुजींना विचारलं आणि अंगठे धरून उभा राहिला. आकड्यांचंही तेच. चोवीस म्हटलं की आधी चार ऐकू येतात, मग वीस. त्याने इमानाने ४२ लिहिले. एकोणतीस ऐकून तो ३ लिहायचा, कारण तीस तर स्पष्ट ऐकू आलेले असायचे.

एका पावसाळ्यात त्याची पाटी फुटली आणि नवी आणायला कुणाला सवड होईना. आजीने पितळेच्या परातीत रांगोळी पसरली आणि म्हणाली, "बोटाने काढ." तिच्या लहानपणी धुळाक्षरंच होती, त्यामुळे तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. ते दोन महिने बापूची अक्षरं बरी आली. मग पाटी आली, परात स्वैपाकघरात परत गेली, आणि हे कुणाच्या ध्यानातसुद्धा राहिलं नाही.

रात्री त्याला धडा वाचून दाखवायचं काम माझ्याकडे होतं. कुणी नेमून दिलेलं नव्हतं, तो कंदील घेऊन माझ्या अंथरुणाशी यायचा आणि म्हणायचा, "वाच की गं." एकदा वाचलं की त्याला पाठ. बदल्यात माझ्या वाटच्या विहिरीच्या खेपा तो घालायचा. हा सौदा आमच्या पिढीतलं गुपित होता, मोठ्यांना पत्ता नव्हता.

एकदा वर्गात गुरुजींनी त्याला उभं केलं. बापू उठला, पुस्तक उघडलं आणि धडा घडाघडा वाचायला लागला. वर्ग चिडीचूप. गुरुजींच्या हातातली छडी खाली आली. तो वाचत राहिला, वाचत राहिला, आणि पान उलटायचं विसरला. डावं पान संपलं, उजवं संपलं, पुढच्या पानावरचा मजकूर चालू झाला तरी बोट तिथंच. गुरुजींच्या लक्षात यायला क्षणभर वेळ लागला असता. त्याआधी मी हसले. सगळ्यात आधी मी. त्या रात्री तो कंदील घेऊन आला नाही, दुसऱ्या रात्री आला. आम्ही त्याबद्दल कधीच बोललो नाही. पन्नास वर्षं होऊन गेली.

आठवीत बापूची शाळा सुटली. ओळखीतून मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात लागला, पुढे स्वतःचं टाकलं. जळालेल्या मोटरीची तार सोडवताना किती वेटोळी होती हे तो मनात मोजतो. मधे कुणी चहा घेऊन आलं तरी आकडा सांडत नाही. त्याची वही मी पाहिली आहे: शब्द जवळजवळ नाहीत, चोवीस खाचांचं स्टेटर, छत्तीस खाचांचं स्टेटर अशी वर्तुळं आणि त्यांत रंगीत पेनांनी तारांचे फेरे. गिऱ्हाइकाचं नाव लिहायची वेळ आली की तो पंपाचं चित्र काढून कोपऱ्यात खूण करतो. पेठेतल्या डॉक्टरांची खूण गळ्यातली नळी, मारवाड्याची तराजू.

हे सगळं काय होतं, त्याचं नाव घरात यायला १९९९ साल उजाडलं. तेही बापूमुळे नाही, धाकट्या बहिणीच्या मुलामुळे. मुंबईतला मुलगा, चौथीत, बोलायला चुरूचुरू आणि वही म्हणजे लाल शाईचा सडा. सायनच्या लोकमान्य टिळक इस्पितळात अशा मुलांची तपासणी होते असं तिला कळलं. आधी कान-डोळे, मग बुद्धिमापन, मग वाचन-लेखन-गणिताची चाचणी. बुद्धी वयाप्रमाणे चोख, आणि वाचन दोन इयत्ता मागे. हे अंतर हीच ओळख. डॉक्टरांनी तिला समजावलं की दोष डोळ्यांत नाही; शब्द फोडून त्यातले आवाज सुटे करायचे आणि एकेका आवाजाला अक्षर जोडायचं, ही मेंदूतली सांधेजोड याची वेगळी आहे. औषध नाही, पण शिकवायची तऱ्हा आहे: तुकड्या-तुकड्याने, आवाज म्हणत, वाळूत बोटाने गिरवत. मग त्यांनी सहज विचारलं, "घरात आणखी कुणी?" हे बऱ्याचदा रक्तातून येतं म्हणून.

बहिणीने त्या रात्री वाईला फोन केला. बराच वेळ नुसती रडत होती. मग म्हणाली, "ताई, परात आठवते का गं?"

नंतर मी हाताला लागेल ते वाचत सुटले. डिस्लेक्सिया हा शब्द १८८० च्या दशकात रूडॉल्फ बर्लिन या जर्मन डॉक्टराने घडवला, आणि तो होता डोळ्यांचाच डॉक्टर! म्हणजे बापूला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणारी काकू एकटी नव्हती. १८९६ साली प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टराने पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या पोराची हकिकत छापली. त्याने स्वतःचं नावसुद्धा अक्षरं उलटीपालटी करून लिहिलं होतं. सगळं तोंडी शिकवलं तर हा शाळेत पहिला येईल, असं त्याच्या मास्तरांचं म्हणणं. तिथं मी पुस्तक मिटलं. आपल्याकडे महाराष्ट्र सरकारने अशा मुलांना परीक्षेत सवलती रीतसर दिल्या त्या १९९६ साली, बरोबर शंभर वर्षांनी. भाच्याला दहावीला जादा वेळ मिळाला, शुद्धलेखनाच्या चुका धरल्या गेल्या नाहीत, बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित घेता आलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, आता काय, सर्टिफिकेट आणलं की पास. त्यांच्या तोंडाला लागायचं बहिणीने टाळलं. मी टाळलं नसतं.

भाच्याला पाढे मात्र आजही येत नाहीत. सात आठे म्हटलं की मोबाइल काढतो. तेव्हा बापूची औटकी हा काही या मुलांचा नियम नव्हे; ती त्याची एकट्याची मिरास.

२००८ च्या जानेवारीत आम्ही सगळी भावंडं पुण्यात लग्नाला जमलो होतो, तेव्हा 'तारे जमीन पर' नुकताच लागलेला. नऊच्या नऊ जण गेलो. मध्यंतरापर्यंत आम्ही आठ जण डोळे पुसत होतो. बापू समोसा खाऊन आला, शेवटपर्यंत गप्प बसला. बाहेर पडल्यावर आत्याच्या मुलाने खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय वाटलं रे? "त्या पोराला चित्रं तरी यायची," बापू म्हणाला, आणि पान खायला टपरीकडे वळला.

आता भावंडांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. सकाळी फुलं आणि सुविचार, दुपारी राजकारण. बापूचे फक्त आवाजी निरोप येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असंही वाचन आलं, तेव्हा ग्रुपवर नुसता धिंगाणा. मराठी बुडाली, अप्पा असते तर काय म्हणाले असते वगैरे. सगळे दमल्यावर बापूचा आवाज आला: "मला कुणी वीस चार म्हणालं असतं, तर तेवढ्या छड्या वाचल्या असत्या." त्यानंतर दोन दिवस ग्रुपवर फक्त फुलं येत होती.

मागच्या दिवाळीत वाड्याच्या वाटणीचे कागद झाले. चौदा पानं टाइप केलेली. वकिलाने सगळ्यांना एकेक प्रत दिली. बापूने आपली न उघडताच गुडघ्यावर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं. "वाच की गं." सोपा तोच, सतरंजी नवी. मी वाचायला लागले. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, हक्क, वहिवाट. बाकीचे कंटाळून आत चहाला गेले. नवव्या पानावर त्याने हात वर केला.

"थांब. मघाशी परड्याची जागा औट गुंठे म्हणालीस."

"नाही रे, इथं साडेपाच आहे."

"इथं असेल. दुसऱ्या पानावर औट होते."

वकील हसले. मी पानं मागे उलटली. दुसऱ्या पानावर, खालून चौथ्या ओळीत, साडेतीन.