आईची कंबर आणि आमची घाई

आवणीच्या दिवसांत राजूरला घरी कोणी बसत नाही. गेल्या वर्षी आई खाचरात वाकली आणि तिला सरळ होता येईना. आम्ही तिला धरून घरी आणले. "आता खाटेवरून उठायचे नाही," असा दमच दिला. तीन आठवडे तिला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही. आमची माया खरी होती, पण उपाय चुकीचा होता.

मग शहरातल्या एका दवाखान्यात दहा दिवस एस.टी.ने ये-जा केली. गार जेल लावून मशीन फिरवले, वजन लावून कंबर ताणली, शेवटी पट्टा दिला. एकाला सोबत जावे लागे, त्याचीही मजुरी बुडाली. आवणीचे सारे पैसे त्यात गेले. मशीनचे दिवे पाहून आम्हाला वाटले, गुण येणारच! दिवाळी आली तरी आई भिंत धरूनच चालत होती.

नात्यातल्या एकाने दुसऱ्या फिजिओथेरपिस्टचे नाव सांगितले. तरुण मुलगी होती. तिने मशीन लावलेच नाही. आधी विचारले, "आजी, भीती कशाची वाटते?"

आई म्हणाली, "पोरी, वाकले की मणका मोडंल असं वाटतं गं."

तिने नीट तपासले, मणका मोडत नाही हे समजावले, तीन साधे व्यायाम शिकवले आणि रोज चालायला सांगितले. बाहेर येऊन आम्ही कुरकुरलो, "चालायला सांगण्याचे पैसे?"

पुढच्या खेपेला आम्ही तिला तोंडावरच विचारले. ती हसली. "नवे बियाणे आणले तर सगळ्या खाचरांत लावता का? एकात नवे, शेजारी जुने. माती, पाणी, खत सारखे. मगच फरक कळतो ना?"

उपचारांचेही तसेच असते. चिठ्ठ्या टाकून रोग्यांचे दोन गट करतात. एकाला खरे मशीन, दुसऱ्याला नुसते दिवे लागणारे, आतून बंद मशीन. कंबरदुखी पुष्कळदा आपोआपही कमी होते, म्हणून दोन्ही गटांत काहींना बरे वाटतेच. दोन्हींचा गुण सारखा आला, तर तो मशीनचा म्हणता येत नाही.

हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांवरचा असाच एक अभ्यास १९९५ साली प्रसिद्ध झाला. नव्या कंबरदुखीत झोपून राहिलेल्यांपेक्षा झेपेल तेवढे रोजचे काम करणारे लवकर बरे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी शिफारशी दिल्या. त्यात व्यायाम आणि रोग्याला समजावून सांगणे आहे. अल्ट्रासाउंड, ट्रॅक्शन आणि पट्टा मात्र सरसकट वापरू नयेत, असे म्हटले आहे.

ही विद्या म्हणजे नुसती मालिश नव्हे. देशातली तिची पहिली शाळा मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९५३ साली निघाली. पण विद्या चांगली म्हणून तिच्या नावावर चालणारा प्रत्येक उपचार पारखलेला असतो, असे नाही.

हिवाळ्यात डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला आई आमच्याबरोबर चालत आली. दुखणे पुरते गेलेले नाही, व्यायामाने जादू होत नाही. शिवाय एकट्या आईला बरे वाटले, हाही पुरावा नव्हे, एवढे आता आम्हाला कळते.

बंधू-भगिनींनो, उपचार घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. याची पारख झाली आहे का? काही न करता किती दिवसांत बरे वाटेल? घरी आम्ही काय करायचे? विचारण्यात लाज नाही. मात्र पडल्यावर दुखू लागले, ताप आला, पायातले बळ गेले, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवीवर ताबा राहिला नाही, तर व्यायाम करत बसू नका. तडक डॉक्टर गाठा.

तो पट्टा अजून आमच्या घरी खुंटीला आहे. आई म्हणते, "राहू द्या. किती पैसे गेले, ते ध्यानात राहील."