घडवून आणणे

मराठीच्या प्राध्यापकाला इंग्रजीची धास्ती वाटते, हे वर्गात लपवता येते, घरात नाही. परवा संध्याकाळी चहाचा कप घेऊन मी आरामखुर्चीत टेकतो न टेकतो तोच आमची कन्या व्याकरणाचे पुस्तक घेऊन समोर उभी!

"बाबा, 'ब्रिंग' म्हणजे आणणे, 'अबाउट' म्हणजे विषयी. मग 'ब्रिंग अबाउट' म्हणजे विषयी आणणे?"

मी एक मोठा घोट घेऊन वेळ काढला. "अगं, 'ब्रिंग'पुढे 'अप' आले की मूल वाढवायचे आणि 'अबाउट' आले की बदल घडवून आणायचा."

बोललो आणि थबकलो. घडवून आणायचा! बदल काही मंडईतून पिशवीत घालून आणायचा नसतो, तरी मराठी माणूसही तो 'आणतो'च की! मला एकदम हुरूप आला.

"हे बघ, 'कम अबाउट' म्हणजे घडून येणे आणि 'ब्रिंग अबाउट' म्हणजे घडवून आणणे. त्यांचे 'कम' आणि 'ब्रिंग', आपले येणे आणि आणणे! भूतकाळी 'ब्रॉट अबाउट'. मात्र बशी फोडलीस तर तिथे हे वापरू नकोस. पुढे बदल, सुधारणा, तह असे काही भारदस्त हवे. १८४८ साली फुले पतिपत्नींनी पुण्यात मुलींची शाळा काढली. मुलींचे शिक्षण आपोआप घडून आले नाही. लोकांचा विरोध सोसून त्यांनी ते घडवून आणले. कर बघू आता एक वाक्य."

तिने लिहिले, 'माय मदर ब्रॉट अबाउट अ चेंज इन अवर हाउस.'

"कसला गं बदल?"

"आई बी. ए. झाली, तो!"

मी गप्प झालो. लग्नानंतर हिने शिकायचे म्हटले, तेव्हा "मुले मोठी होऊ देत, आपोआप जमून येईल," असे मी म्हणालो होतो. पुढे सात वर्षे तेच म्हणत राहिलो. मग एके वर्षी हिने मला न विचारताच फॉर्म भरला. पहाटे साडेचारला स्वयंपाकघरात दिवा लागे आणि मी पांघरूण डोक्यावर ओढून घेई. निकालाचे पेढे मात्र वाड्यात मीच मिरवत वाटले.

"वाक्य बरोबर आहे ना, बाबा?"

"अगदी बरोबर आहे."

आत भांडी विसळल्याचा आवाज येत होता. मी उठलो आणि माझा कप घेऊन आत गेलो.