आवाज येतो, पण फिरत नाही

तेरला गोरोबाकाकांच्या घरी संतमेळा जमला होता, तेव्हाची कथा आपण सर्वांनी कीर्तनात ऐकलेली आहे. मुक्ताबाईंनी थापटीकडे बोट दाखवून 'हे काय?' म्हणून विचारले आणि काकांनी मडकी तपासण्याची ती थापटी एकेका संताच्या डोक्यावर मारून पाहिली. बाकीचे शांत बसले, नामदेवराय मात्र रागावले. मडके कच्चे आहे, असा निवाडा झाला. सांगणारे बहुधा इथे थांबून अहंकारावर बोलतात, आणि ते योग्यच आहे. पण आम्हा हिंगोली जिल्ह्यातल्या माणसांचे लक्ष पुढच्या भागाकडे जास्त जाते. नामदेवराय आमच्या नर्सीचे, आणि पुढची गोष्ट परंपरा सांगते ती आमच्या औंढ्या नागनाथाची. कच्चे ठरलेले ते मडके कोणी उकिरड्यावर टाकले नाही. काय कमी आहे ते पाहिले, आणि ती कमी जिथे भरून निघेल तिथे, विसोबा खेचरांकडे, त्यांना पाठवले.

या कथेची आठवण झाली ती अगदी घरगुती कारणाने. आमच्या घरचे कपडे धुण्याचे जुने मशीन बंद पडले.

वारकऱ्याच्या घरचे धुणे म्हणजे पांढऱ्या कपड्यांचा ढीग. धोतर, सदरा, टोपी, उपरणे. त्यावर बुक्का, गोपीचंदन आणि वाटेतला चिखल. आमच्या भागात त्यात हळदीची भर. शिजवण्या-घोटण्याच्या दिवसांत घरातला एक कपडा पिवळा झाल्यावाचून राहत नाही, आणि साबण लागला की तोच डाग लालभडक होतो. मग कपडा उन्हात टाकायचा. ऊनच तो डाग हळूहळू खाते. दगडावर हे धुणे धुता धुता आमच्या सौभाग्यवतींची मनगटे गेली, तेव्हा दोन टाक्यांचे सेमी ऑटोमॅटिक मशीन घरात आले. आमच्याकडे तेच सोयीचे. नळाला जोर नसला तरी बादलीने पाणी ओतता येते, आणि एकदाचे साबणाचे पाणी दुसऱ्या घाण्याला वापरता येते. त्याला आता 14 वर्षे झाली.

ते बंद पडले ऐन ज्येष्ठात. आमच्या घरी दरवर्षी एका दिंडीचा एक रात्र मुक्काम असतो, वीस-बावीस माणसे. त्या रात्री आम्ही त्यांचे कपडे धुऊन, ड्रायरमधून पिळून, पंख्याखाली टाकून पहाटेपर्यंत वाळवून देतो. ज्यांनी वारी केली आहे त्यांना यात काय आहे ते सांगायला नको. ओले धोतर नेसून दोन मुक्काम चालले की मांड्या सोलतात, आणि साठी ओलांडलेला माणूस पालखीच्या मागे पडतो. मागच्या काही वर्षांत दिंडीतली मंडळीही म्हातारी होत चालली आहेत. त्यामुळे मशीन नाही म्हणजे नुसती गैरसोय नव्हती. ती सेवाच त्या वर्षी राहणार होती.

गावात येणाऱ्या एका कारागिराने उभ्याउभ्या पाहून सांगितले, "मोटार जळाली. भंगारात घाला, नवीन घ्या." सौभाग्यवती मात्र बटण फिरवून कान लावून उभ्या होत्या. म्हणाल्या, "आवाज येऊलालाय की! म्हणजे जीव आहे त्याच्यात. आधी बघा तरी नीट."

आमचा पुतण्या आयटीआयमध्ये वायरमनचे शिकला आहे. त्याने पाहण्याचा एक क्रम धरला. आधी प्लग भिंतीतून काढला. नुसते बटण बंद करून तो थांबला नाही. मग टाकीच्या तळाची फिरती चकती हाताने फिरवली. ती मोकळी फिरली, म्हणजे खाली नाणे, पिन, मोजा असे काही अडकलेले नव्हते. मागचे झाकण उघडून पट्टा बोटाने दाबला. पट्टा सैल होता आणि त्याला तडे गेले होते, पण तुटलेला नव्हता. उंदरांनी वायर कुरतडली आहे का तेही पाहिले. खेड्यात खालचे झाकण नसलेल्या मशीनमध्ये हा त्रास ठरलेला. मग तो म्हणाला, "काका, गुणगुणते पण फिरत नाही. हा कपॅसिटर असणार."

कपॅसिटर म्हणजे डबीएवढी एक वस्तू. प्लग काढला तरी तिच्यात वीज साठून राहू शकते, म्हणून त्याने ती आधी रिकामी केली. हे काम जाणत्यानेच करावे. तिच्यावर 10 मायक्रोफॅरड लिहिले होते. मीटरने मोजले तर 3 भरले.

मी विचारले, एवढ्याशा डबीवाचून एवढी मोटार का अडते? त्याने जे सांगितले ते माझ्या मनात घर करून राहिले. घरातली वीज एका फेजची असते. मोटारीच्या एकाच गुंडाळीत ती गेली की नुसते पुढे-मागे ओढणे होते. ओढ असते, पण फिरण्याची दिशा नसते. म्हणून मोटार थरथरते, गुणगुणते आणि जागच्या जागी तापते. दुसऱ्या गुंडाळीत जाणाऱ्या विजेची वेळ कपॅसिटर थोडी पुढे सरकवतो. दोन्हींचा मेळ बसला की चक्र एका दिशेने फिरू लागते. तसेच गुणगुणत ठेवले असते, तर मात्र मोटार खरोखरच जळाली असती.

नामदेवरायांना ओढ काय कमी होती? देवाला जेवू घालणारे ते लेकरू. त्यांच्याइतकी ओढ कोणाला? पण देव पंढरीच्या विटेवरच आहे, या ठिकाणी ती ओढ थांबून राहिली होती. औंढ्याच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. पाय काढा म्हटल्यावर ते म्हणाले, जिथे देव नाही तिथे नेऊन ठेव. नामदेवराय पाय उचलून जिथे ठेवू जावे तिथे पिंड. विसोबांनी नवी भक्ती दिली नाही. होती त्या भक्तीला दिशा दिली. पुढे तेच नामदेवराय थेट पंजाबापर्यंत गेले, आणि त्यांची 61 पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आजही आहेत.

आपल्यापैकी कितीकांचे असेच असते! माळ आहे, नेम आहे, ओठ हलतात, पण घरातला रुसवा आणि बांधावरचे भांडण तिथेच. अशा माणसाला आपण चटकन ढोंगी म्हणतो. त्याचीही मोटार जळालेली नसेल. कोणी कान लावून ऐकले आहे का, एवढेच आधी पाहावे.

जुना पट्टा आणि कपॅसिटर सोबत नेऊन त्याच आकड्यांचे नवे हिंगोलीहून आणले. दोन्ही मिळून साडेतीनशे रुपये लागले. पाणी थोडे थोडे गळत असे, म्हणून पुतण्याने निचऱ्याचा व्हॉल्व्हही उघडला. रबरी टोपीखाली दोऱ्यांचा गुंता होता आणि त्यात तुळशीचा एक मणी, मागच्या वर्षीच्या कोणा माउलीचा. सौभाग्यवतींनी तो धुऊन देव्हाऱ्यात ठेवला.

दिंडी आली त्या रात्री मशीन अकरा वाजेपर्यंत चालले. पहाटे काकड्याला सगळे कोरड्या कपड्यांत उभे होते. ज्यांच्या गावी मुक्काम असतो त्यांनी वटपौर्णिमेच्या सुमारास आपले मशीन एकदा पाणी भरून चालवून पाहावे. कपड्यांचे खिसे तपासावेत, अर्थिंग नीट आहे का बघावे, ओल्या हाताने प्लगला शिवू नये, आणि ड्रायर पूर्ण थांबल्यावाचून आत हात घालू नये. मणी मागायला कोणी आले, तर तो देव्हाऱ्यात जपून ठेवलेला आहे.

राम कृष्ण हरी!